झेंड्याजवळचा चौथा दगड

अंबरनाथ, रविवार, २० डिसेंबर १९८७

हेडमास्तरांनी माझं पान परत केलं. म्हणाले, "सर, शेठजींनी आपली बाग स्काउटच्या शिबिरांना कशी दिली, स्मरणिकेत एवढंच लिहा. माळ्याचं रडगाणं कशाला?" मी मुकाट्याने "बरं" म्हणालो. का म्हणालो?

जांभूळ गावाला गेलो होतो शेठच्या बंगल्याची माहिती काढायला. सांगणारी आता एकच उरलीय, माळ्याची म्हातारी बायको. शेठ वर्षातून चार दिवस हवा खायला यायचे. आंबे जगवले ते हिने, विहिरीचं पाणी घालून. त्याच दिवसांत तिची तान्ही मुलगी गेली. तिला बागेतच पुरलं आणि वर एक दगड ठेवला.

कुठला, म्हणून विचारलं तर थेट आमच्या शिबिराच्या झेंड्यापाशी घेऊन गेली. झेंड्याभोवती दगडांचा गोल आहे, त्यातला चौथा दगड.

अकरा वर्षं मी प्रत्येक शिबिराआधी त्या गोलाला मुलांकडून चुना आणि गेरू लावून घेतोय. शिस्तीत दिसावं म्हणून, दुसरं काही नाही. त्याच चौथ्या दगडावर पाय ठेवून बुटाची नाडी बांधतो मी!

म्हातारी चार शिव्या देती तर बरं झालं असतं. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "सर, दरसाल तुमी आठवणीनं माज्या पोरीचा दगड रंगवता. तिच्या बापाला पण कदी जमला नाय."