खुर्चीत बसलेली बाई

आई, गेल्या वर्षापासून मी मिरजेतल्या एका अंधशाळेला पुस्तकांतल्या फोटोंची वर्णनं लिहून देते. फोटो मुलांना दिसत नाही, म्हणून त्याच्या जागी चार-पाच ओळी घालायच्या, त्या मग ब्रेलमध्ये उमटतात. नोकरी संपल्यावर वेळ जात नव्हता, तेव्हा एका ओळखीच्या बाईंनी विचारलं आणि मी हो म्हणाले. हे काम मला येतं, एवढंच त्यांना सांगितलं. कुणी शिकवलं ते सांगितलं नाही. आज लग्नाचा एक फोटो आला. नवरामुलगा वाकून आईच्या पाया पडतोय. दोन ओळी लिहिल्या आणि पुढे हात चालेना. तेव्हा म्हटलं, हा कागद बाजूला ठेवावा आणि तुझ्याशी काय ते एकदाचं बोलून घ्यावं.

तुझ्या डोळ्यांत काचबिंदू उतरला तेव्हा नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. कडेगावच्या दवाखान्यात तू आया होतीस. बाळंतिणींचं सगळं तू नुसत्या हातानं ओळखायचीस, त्यामुळे डोळे गेलेत हे दवाखान्याला कळायलाही वेळ लागला. मग मी तुला सांगलीला माझ्या खोलीवर आणलं. मी हळदीच्या पेढीवर टायपिंग करत होते. सकाळी तुझ्या डोळ्यांत थेंब घालायचे, भाकरी झाकून ठेवायची आणि अंगाला हळदीचा वास घेऊनच संध्याकाळी परतायचं. दादा तेव्हा बडोद्याला इंजिनिअर झाला होता. तो पत्र लिहायचा नाही, फोटो पाठवायचा. कंपनीच्या गेटपाशी, स्कूटरवर, नव्या फ्लॅटच्या गॅलरीत. पाठीमागे एक ओळ, ‘मी मजेत आहे’. ज्या आईला दिसत नाही तिला फोटो पाठवणारा मुलगा, यात काही चुकतंय असं तुला कधी वाटलं नाही.

पहिला फोटो आला तेव्हा मी म्हणाले, “दादा छान दिसतोय.” तू पाटा-वरवंट्याशी बसली होतीस. मिरची वाटायची थांबून म्हणालीस, “छान म्हंजी काय गं? भाजी छान आसती. पोराच्या पायात काय हाय? वाळलाय का भरलाय? मागं झाड हाय का भिंत?” मी पुन्हा बघितलं आणि सांगायला लागले. बूट काळे, नाडीचे. डाव्या हाताला घड्याळ. गालाची हाडं आधीपेक्षा कमी दिसतात. मागे भिंत, तिचा रंग एका कोपऱ्यात उडालाय. “आता कसं,” म्हणालीस. दुपारी मी नसताना पुन्हा ऐकता यावं म्हणून ते कागदावर उतरवून घेतलंस. शेजारच्या अक्का सातवी शिकलेल्या, जतच्या. त्या बोट ठेवून सावकाश वाचायच्या. हळूहळू तो रिवाजच झाला. फोटो आला की मी लिहायचं, अक्कांनी वाचायचं, गल्लीतल्या बायका ऐकायला यायच्या आणि म्हणायच्या, पोरगा नशिबाचा निघाला. कागदावर माझे शब्द होते, नशीब त्याचं. माझ्या लिहिण्यात एखादा शब्द सजवलेला सापडला की तू लगेच पकडायचीस. “तुझ्या मनचं घालू नगंस. दिसतंय तेवढंच लिव.” मी तेच शिकले. सात-आठ महिन्यांत मला फोटो असा बघता यायला लागला की, पेढीवरचे शेठ हसताना खरं हसतात की नाही तेही कळायचं.

मग ते जाड पाकीट आलं. शनिवार होता, पेढी अर्धा दिवस. आत लग्नाचे फोटो आणि चिठ्ठी, ‘घाईत ठरलं, कळवता आलं नाही’. तू माझ्यासमोर पाय पसरून बसलीस आणि म्हणालीस, “सांग.” मी सांगत गेले. मुलगी गोरी, हिरवा चुडा, हसताना खाली बघते. दादाला मुंडावळ्या बांधल्यात. समोर होम पेटलाय, एक भटजी बसलेत. तू विचारलंस, “मूर्ती कुटली हाय?” मी म्हणाले, “गणपतीची.” आपल्याकडे लग्न लागतं ते बुद्धाच्या मूर्तीपुढे, पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणून. बाबांनी आणि तू तसंच केलं होतं, आणि त्यासाठी बाबांनी गावात काय काय सोसलं ते तूच आम्हाला सांगितलं होतंस. तू म्हणालीस, “फुडं.” मी पुढचा फोटो हातात घेतला आणि पुन्हा पुन्हा बघत राहिले. “काय झालं?” तू विचारलंस. मी म्हणाले, “दादा वाकून एका बाईच्या पाया पडतोय. ती खुर्चीत बसलीय. जरीची साडी, नाकात नथ. शेजारच्या खुर्चीत सुटातला एक माणूस. ती दादाच्या डोक्यावर हात ठेवतेय.” “नवरीची आई आसंल,” तू म्हणालीस. “नवरीचे आईवडील पलीकडे बसलेत, आई. ही आपल्या बाजूला आहे.”

बाहेर कुणाच्या तरी घरी दळण आणल्याची गडबड चालली होती. तू एवढंच म्हणालीस, “लिव.” मी लिहिलं. जे दिसलं तेवढंच.

रविवारी दुपारी बायका जमल्या. तू पेढे आणायला लावले होतेस. अक्का कागद वाचायला लागल्या. मी आत चहा गाळत होते. त्या फोटोपाशी आल्या तशी तू म्हणालीस, “थांब अक्का. लिवलेलं ऱ्हाऊ दे. फोटो हातात घे आन् तुला काय दिसतंय ते सांग.” अक्कांनी फोटो डोळ्यांपाशी नेला. “आवं, खुर्चीत कुनीबी न्हाई की. खुर्ची रिकामी हाय. वर शाल हातरलीया. आन् तुमचा ल्योक त्या खुर्चीच्या पाया पडतोय.” एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. दुसरी म्हणाली, “आंधळ्या आईला परवास नगं म्हनून एकटा गेला गं लेकरू, पर जागा ठेवली आईची.” मी कपबशा घेऊन दारात उभी होते. मी म्हणाले, “अक्का, असं काय सांगताय? फोटो सगळ्यांना दाखवा.” अक्का मान वर करेनात. तू हात पुढे केलास, फोटो घेतलास आणि मांडीखाली सारलास. मग माझ्या आवाजाच्या दिशेनं तोंड करून, सगळ्यांच्या देखत म्हणालीस, “भावाचं बरं झालेलं बघवंना व्हय गं तुला? म्हनून आसलं लिवतीस?”

मी चहा दिला. सगळ्यांना दिला. तुलाही दिला.

त्यानंतर तू मला कधी लिहायला सांगितलं नाहीस. फोटो आले की अक्का सांगायच्या. अक्कांच्या फोटोंत दादा दर वेळी रडवेला असायचा, भिंतीवर तुझी तसबीर असायची. तू हसायचीस. मी पलीकडे तुझ्या लुगड्यांच्या घड्या करत असायचे. फोटो नंतर डब्यात जायचे, मी ते बघायचे. भिंतीवर कॅलेंडर असायचं. त्याच वर्षी विट्याकडचं स्थळ आलं होतं, मुलगा एस.टी.त वाहक होता, मला बरा वाटला होता. गल्लीत चौकशी झाली. कुणीतरी सांगितलं, पोरगी कामाची आहे पण मनानं कडू, सख्ख्या भावाचं वाईट लिहिते. स्थळ परत आलं नाही. तू म्हणालीस, “आसंल तुझ्या नशिबात दुसरं.” दुसरं नव्हतं. तुझ्या डोळ्यांत थेंब घालताना माझा हात कधी थरथरला नाही, हे मात्र तू कबूल करशील.

तू गेलीस तेव्हा दादा तिसऱ्या दिवशी आला, एकटाच. सगळे गेल्यावर मी त्याला विचारलं, ती बाई कोण. तो म्हणाला, साहेबांची बायको. “मी तिकडं सांगितलं होतं की मला कोणी नाही. आडनाव पण बदललंय. तू रागावू नकोस, तुला नाही कळणार तिथं कसं असतं ते.” मला काय कळत नव्हतं? पेढीवर माझा पाण्याचा पेला वेगळा ठेवलेला असायचा. फक्त मी माझी आई मेलीय असं कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, “आईला माझे फोटो आवडायचे ना?” मी हो म्हणाले.

अक्का गेल्या उन्हाळ्यात कायमच्या लेकाकडे जतला गेल्या. जाण्याआधी माझा हात धरून बसल्या. म्हणाल्या, “एक सांगू का गं बाई? त्या रविवारी सकाळी तू नळावर गेलतीस, तवा तुझ्या आईनं मला हाक मारली. म्हनली, वाचताना मी थांबवीन, तवा खुर्ची रिकामी हाय म्हन, शाल हाय म्हन. मी म्हनलं, पोरीला सांगून ठिऊ का? तर म्हनली, नगं. तिला खोटं जमत न्हाई. तिच्या तोंडावर बायकांना दिसंल.” मी विचारलं, “आणि मला भाऊ बघवत नाही, हे पण तिनं आधी ठरवलं होतं?” अक्का म्हणाल्या, “त्ये न्हाई. त्ये तिचं तिनंच, तितल्या तितं.”

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. माझ्या प्रत्येक शब्दावर तुझा विश्वास होता, म्हणूनच तो पुसावा लागला. गल्लीत पोराची आई म्हणून मान वर ठेवायला तुला एक रिकामी खुर्ची हवी होती, आणि ती खरी ठरवायला कुणीतरी खोटं पडायला हवं होतं. घरात मीच होते. बाहेर बायकांपुढे बोललीस ते एक वेळ समजू. पण दार लावल्यावर आपण दोघीच असायचो, आई. चार वर्षं असायचो. एवढ्या दिवसांत एकदा नुसतं म्हणायचंस, पोरी, मला ठाऊक आहे. मी पुढे काही मागितलं नसतं. तू मात्र “चटणीला मीठ कमी झालंय” म्हणायचीस आणि कुशीवर वळायचीस.

हे कुठे पाठवायचं नाही. लिहून झालं की घडी घालून ठेवीन आणि शाळेचं काम उद्या पुरं करीन. अक्का बोलून गेल्यापासून मी मनात तुझ्याशी एकच भांडण भांडतेय, की मला विश्वासात घेतलं असतंस तर तुझ्यासाठी मीही ती खुर्ची रिकामी लिहिली असती. आज इतकं लिहिल्यावर स्वतःलाच विचारलं. नसती लिहिली.