काचेला चिकटलेला गोलकीपर

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार. सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. विषय एकच : आकारामचा सूड.

काल पेठेतल्या तालमीत जुन्या फुटबॉल फोटोंचे प्रदर्शन होते. माझा मास्टरपीस, 'कोल्हापूरचा पहिला फुटबॉल संघ, इ. स. १९११', मधोमध टांगलेला. आकाराम आला. गॅरेजवाला, माझा शाळासोबती, आणि जुन्या फोटोंचा जिल्ह्यातला दुसऱ्या क्रमांकाचा संग्राहक. (पहिला मी.) फोटोला नाक लावले आणि चाळीस माणसांसमोर म्हणाला, "त्रिंबक, ह्यो फुटबॉल न्हाय रे, ढोल हाय. ही बँडवाली हायती."

चाळीस माणसे हसली. आमची सौ. मीनाक्षी धरून एक्केचाळीस.

संकल्प : महिन्याच्या आत आकारामचा जाहीर अपमान. दया नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार
भिंगातून पुन्हा पाहिले. ढोलच आहे. पण ते त्याने सांगायची गरज नव्हती.

त्याच्याकडचा सर्वांत जुना फोटो १९२८चा. मला त्याच्या आधीचा हवा. तेहतीस वर्षे सरकारी ऑफिसात हरवलेल्या फायली शोधल्या. एक फोटो काय चीज आहे!

९ नोव्हेंबर, रविवार. इचलकरंजी
सापडला!!

एका जुन्या गोलकीपरची सून इथे राहते असे कळले होते. बयाबाई, वय ऐंशी. शेजारी यंत्रमाग चालू, त्यामुळे 'बसा' हेसुद्धा ओरडून म्हणतात. भिंतीवर फोटो. अकरा पोरे, अनवाणी, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या चड्ड्या, मध्ये चामड्याचा चेंडू. (दोनदा विचारले. चेंडूच.) मागे शाईने १९१९.

बाई देईनात. मी सरकारी माणूस असल्याचे सुचवले. निवृत्त हा तपशील राहून गेला. शेवटी फोटो खाली उतरवून पदराने पुसला आणि म्हणाल्या, "न्या पावणं. पर हाय तसा आणून द्या. सासऱ्यांचा दुसरा फोटू घरात न्हाय. अठ्ठावीसला त्यांची पुण्यतिथी हाय, हार घालायचा हाय."

शब्द दिला. एस.टी.त फोटो मांडीवर घेऊन आलो. प्रत्येक स्टॉपवर आकारामचा पडलेला चेहरा दिसत होता.

१२ नोव्हेंबर, बुधवार
जतनकार्य सुरू. परदेशी म्युझियमचा व्हिडिओ पाहिला, दीड मिनिट. पुढचे समजण्यासारखे आहे. हातमोजे केटरिंगवाल्याकडून आणले.

अडचण : ओल लागून फोटो काचेला चिकटला आहे. मीनाक्षीने हे भाजी मंडईत आकारामला सांगितले! घरचाच भेदी. त्याचा निरोप : "चिकटलेला फोटू वढू नको म्हणावं. काचंसकटच कॉपी काढ."

डाव ओळखला. माझी कॉपी धुरकट यावी ही इच्छा. म्हणजे ओढणे हेच शास्त्रीय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
१०.४०. सौ.चा हेअर ड्रायर. काच गरम.
१०.५२. डावा कोपरा सुटला. शाबास.
१०.५५. आकारामला डोळ्यांसमोर आणून ओढले.
१०.५५. हे एवढ्या जोरात करायचे नव्हते.
११.००. गोलकीपर काचेवर राहिला. शांतपणे विचार करता अकरापैकी दहा वाचले. एक्क्याण्णव टक्के. डिस्टिंक्शन.
११.२०. काचेवरचा गोलकीपर ओल्या फडक्याने अलगद मोकळा करण्याचा प्रयत्न.
११.२१. मोकळा झाला. आता तो कुठेच नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार
घाबरण्याचे कारण नाही. विज्ञान पुढे गेले आहे. मोबाइलवर फाटके फोटो जोडणारे ॲप घेतले. पहिल्यांदा गोलकीपरला जेल लावलेले केस आणि बत्तीस दात. दुसऱ्यांदा मनगटावर घड्याळ. तिसऱ्यांदा मिशा चांगल्या आल्या, पण हातात बेसबॉलची बॅट. ॲप अमेरिकन असावे.

बयाबाईंना फरक कळणार नाही, असे वाटून पाहिले. कळेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार
बयाबाईंचा फोन. "फोटू बरा हाय न्हवं?" मी म्हणालो, प्रक्रियेत आहे. त्या म्हणाल्या, सरकारचं काम, येळ लागायचाच. हाराची ऑर्डर दिली म्हणे.

जेवण गेले नाही. या सगळ्याला जबाबदार कोण? तो ढोल म्हणाला नसता तर मी इचलकरंजीला गेलो असतो का? सूड दुप्पट करावा लागेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार
मीनाक्षीने मला न विचारता आकारामला फोन केला. मी बेडरूममध्ये जाऊन बसलो. ती म्हणाली, बाहेर या, त्या म्हातारीला तोंड तुम्हालाच दाखवायचंय.

आलो. आकाराम टेबलावरची कोरी काच बघत होता. मग मलाच पाण्याचा ग्लास पुढे केला. नेमके हेच सहन होत नाही. पिशवीतून पाकीट काढले. आत तोच फोटो! अकराच्या अकरा. भिंतीवर असतानाच काचेसकट काढलेला, २०१९ साली. गोलकीपरच्या मिशीचा केस न् केस मोजावा.

विचारले, मग आजवर कुणाला दाखवला का नाहीस? म्हणाला, "मावशी म्हनल्या हुत्या, ह्यो घरातला हाय, बाजारात मांडू नका. न्हाय मांडला."

म्हणजे सहा वर्षे याच्याकडे १९१९चा होता आणि मिरवत होता १९२८चा. याला ढोंग म्हणतात. बहुधा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार. संध्याकाळी ७.३०
आकारामच्या मोटारसायकलवरून इचलकरंजीला गेलो. कबुलीचे भाषण रस्त्याने पाठ केले होते. तीन मुद्दे, पैकी दोन हवामानाबद्दल.

दारात घसा खाकरला तोवर आकाराम पुढे झाला. "मावशी, काच काढताना माझ्या हातनं फोटू खराब झाला. ह्यांचा काय दोष न्हाय."

बयाबाईंनी फाटका फोटो हातात घेतला. जिथे सासरे होते तिथून अंगठा फिरवला. मग ज्या सुटल्या! "तुमास्नी दिला हुता व्हय मी? गाडीचा नटबोल्ट वाटला काय, पिळायला?" आवाज यंत्रमागाच्या वर. गल्ली जमली. आकाराम मान खाली घालून उभा.

मला म्हणाल्या, "पावणं, तुमी का हुबं? बसा. च्या घ्या."

बसलो. खुर्ची दिली. चहाबरोबर दोन बिस्किटे. समोर आकारामचा अपमान चालू, सगळ्या गल्लीसमोर, दया नाही. जसा ठरवला होता तसाच. बिस्किट चहात बुडवले, ते विरघळून तळाला गेले. तिन्ही मुद्दे आठवत होते. उठलो मात्र नाही.

नंतर त्यांनी आकारामची कॉपी भिंतीवर लावली, हार घातला, हात जोडले. फाटका फोटो धुतलेल्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवला.

परतताना मी मागून म्हणालो, तू असं का केलंस? तो म्हणाला, "तुझी बोलती बंद झालती की. आनि म्हातारीला वरडायला कोनतरी पायजेच हुतं."

८.१५. असे चालणार नाही. बयाबाईंना आत्ताच फोन करून खरे काय ते सांगणार. ठाम.

८.२०. लावला. त्यांनीच उचलला. म्हणाल्या, "पावणं, पोचला न्हवं सुखरूप?"

म्हणालो, हो, पोचलो.

ठेवला.