तीनशे नारळ आणि माझं लॅमिनेशन

१२ जानेवारी २०२५, रविवार
एलिसाच्या लग्नाला चार आठवडे. मांडव, बँड, केटरर, सगळं मेहुणा डेरिक बघतोय. मुलीच्या बापाला कामच नाही. मनाला लागलं. निर्णय: जेवणाचे तीनशे नारळ खवायचं मशीन मी बनवणार. मिनिटाला वीस हजार फेरे. एक नारळ, तीन सेकंद. विळ्या घेऊन येणाऱ्या मार्गारेटकाकूंच्या मंडळींना 'येऊ नका' असा निरोप प्रिस्काकडे दिला. प्रिस्का 'बरं' म्हणाली. बायकोचा पाठिंबा मोठा असतो.

१५ जानेवारी, बुधवार
डेरिक वालीवला मोटरच्या कारखान्यात आहे. विचारलं, मोटरच्या आतला कोअर कशाचा घेऊ? तासभर बोलला. सिलिकॉन स्टील, फेराइट, अजून काहीतरी. म्हणाला, भरीव लोखंड नको, एवढ्या स्पीडला भयंकर तापेल, पातळ पत्रा घ्या. पातळ! लेकीचं लग्न आहे, पापड लाटायचे नाहीत. भंगारवाल्याकडून चांगलं भरीव लोखंड आणलं.

२१ जानेवारी, मंगळवार
ट्रायल. चाळीस सेकंदांत मोटर तापली. शुभलक्षण. थंड मोटरला जोर कुठून येणार? प्रिस्काने तिच्यावर चहाचं आधण ठेवलं. उकळलं. मग धूर.

२२ जानेवारी, बुधवार
डेरिकचा फोन. म्हणे, हाय स्पीडला कोअर लॅमिनेटेडच लागतो. मग आधी बोलायचं ना! शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं मुलांची ओळखपत्रं कोण लॅमिनेट करत होतं? या विषयात अख्ख्या वसई तालुक्यात माझा हात धरणारा नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार
माणिकपूर. उमंगचं झेरॉक्सचं दुकान. लोखंडाच्या बारा चकत्या कापून नेल्या. उमंगने विचारलं, काका, यावर फोटो कुठे आहे? चकत्या मशीनमधून जाईनात. सर्वांत पातळ प्लास्टिक घेतलं (डेरिक पातळच म्हणाला होता) आणि घरी इस्त्रीने केलं. इस्त्री आता जराशी चिकटते. प्रिस्काला सांगायला योग्य वेळ बघतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार
ट्रायल दोन. प्लास्टिक वितळलं. वास शेजारच्या केळीच्या वाडीपर्यंत. डेरिकने मोटर उघडली आणि खालीच बसला. हसतोय की रडतोय ते कळेना. म्हणाला, भावोजी, लॅमिनेशन म्हणजे वार्निश लावलेले पातळ पत्रे, एकावर एक रचलेले. एका शब्दाचे दोन अर्थ ठेवतात आणि त्रास आपल्याला.

६ फेब्रुवारी, गुरुवार
डेरिकने पातळ पत्र्यांचा कोअर आणून बसवला. मोटर माठासारखी गार. वीस हजार फेरे! नारळाची वाटी टेकवली. वाटी मांडवाचं नवं कापड फाडून विहिरीपलीकडे गेली. म्हणजे मोटर उत्तम आहे. नारळ कमी पडतो. प्रिस्का कापडाकडे बघत होती. इस्त्रीचं आज सांगितलं नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
उद्या लग्न. खवलेला नारळ शून्य. सकाळी तोंड लपवून बसलो होतो, तर मार्गारेटकाकू अकरा बायका आणि विळ्या घेऊन दारात. प्रिस्काने निरोप दिलाच नव्हता. पहिल्या दिवसापासून!
मीही विळीवर बसलो. चार नारळ, दोन बोटं. काकू म्हणाल्या, ऊठ बाबा, खोबरं लाल होतंय.
मागच्या पायरीवर बसलो. खरंच वाईट वाटत होतं. एलिसा आली. म्हणाली, पप्पा, टेबलांचे नंबर लॅमिनेट करायचे राहिलेत, तुमच्याशिवाय कुणाला जमणार?
उमंगच्या दुकानात स्वतः मशीनवर उभा राहिलो. छत्तीस कार्डं. एकातही बुडबुडा नाही. घरी आणून एकेकाला हात लावून बघितला. अजिबात तापत नाहीत.