जोडी नंबर सतरा

३ मार्च, सकाळी ९
आजपासून टंगळमंगळ बंद. एकवीसला समितीसमोर मुलाखत. अकरा वर्षं कंत्राटावर काढली. आता पर्मनंट करतात की नारळ देतात, ते कळेल. माझा मुद्दा साधा आहे. दीर्घिकांच्या, म्हणजे आकाशगंगांच्या, समूहात शेकडो दीर्घिका सैरावैरा धावतात, पण काही जोड्या एकमेकींना धरून राहतात. लोक म्हणतात, त्या गर्दीत जोडी टिकत नाही. लोकांना काय कळतंय. माझ्याकडे एक्केचाळीस जोड्या आहेत.

७ मार्च
वेग तपासले. तीस जोड्या बाद. नुसत्या शेजारी दिसतात. वेगात सेकंदाला हजार किलोमीटरचा फरक. अकरा उरल्या. अकरा म्हणजे पुष्कळ.
बायको म्हणाली, दुसरीकडे अर्ज तरी करून ठेव. माझ्यापायी ती दोन नोकऱ्या करते, याची मला पूर्ण जाणीव आहे. तीच करून देते.

१२ मार्च
आणखी दहा गेल्या. फाफटपसारा गेला ते बरंच झालं. राहिली नंबर सतरा. वेगातला फरक शून्य, आकाशातलं अंतर जवळजवळ नाहीच. इतकी घट्ट जोडी अजून कोणी पाहिली नसेल.

१४ मार्च
समोरच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला आकडे दाखवले. मनातल्या मनात मी याला शंकासुर म्हणतो. म्हणाला, फरक अगदीच शून्य कसा? दोन्ही नोंदी मुळातून बघून घे. जळतो मेला. तरी बघणार होतो, पण स्लाइडचे रंग जुळेनात, त्यात दुपार गेली.

२० मार्च
स्लाइड्स झकास. शर्टाला इस्त्री केली. बायकोला सांगितलं, उद्या काम फत्ते.

२१ मार्च, दुपारी ४, बसस्टॉप
समितीतल्या बाईंनी सतरा नंबरवर थांबवलं. म्हणाल्या, या दोन दीर्घिका नाहीतच, एकच आहे. दोन सर्वेक्षणांनी तिला दोन नावं दिली, म्हणून यादीत दोनदा आलीय. कोणी हसलं नाही. हसले असते तर भांडता तरी आलं असतं. कंत्राट महिनाअखेर संपणार, हे तिथेच सांगितलं.
बायकोचा फोन आला. कसं झालं विचारलं. म्हटलं, कोणाला काही शंकाच उरली नाही. ती रडायलाच लागली. म्हणाली, संध्याकाळच्या नोकरीवर आजच सांगून टाकते, उद्यापासून येत नाही म्हणून. मी बरं म्हटलं. म्हणताना लाज वाटली, तरी म्हटलं.
घरी पोचल्या पोचल्या खरं काय ते सांगायचं, हे पक्कं. आत्तापर्यंत तीन बस सोडल्या.