रुपाचा पत्ता झाकून ठेवणेबाबत

प्रति,
मा. कक्ष अधिकारी,
'आडोसा' महिला मदत नोंद कक्ष, नंदुरबार.

विषय : कक्षाच्या विकीवरील रुपाची नोंद सर्वांना दिसते, ती तात्काळ बंद करणेबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज दि. १४/१०/२०२५
२) अर्ज दि. ०३/११/२०२५, 'पत्ता अपूर्ण' या शेऱ्यासह परत.

महोदय,

१. अर्जदार तुळशीबाई ही निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार खांडबारा. एकतीस वर्षे तिने शासनाच्या नोंदवह्या भरल्या आणि कुलपात ठेवल्या. रुपाच्या दोन बरगड्या तिचा नवरा पितांबर याने मोडल्या आणि ती कळसाडीहून कक्षाकडे आली, तेव्हा कक्षानेच तिला अर्जदाराच्या घरी ठेवले व कोणाला सांगू नका असे बजावले. अर्जदाराने शेजारणीलाही सांगितले नाही. कक्षाने मात्र साऱ्या जगाला सांगितले.

२. ते असे. कक्षाने आपल्याच संगणकावर विकी बसवली आहे, म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांनी मिळून लिहायची इंटरनेटवरची वही. ती बसवली की 'कोणीही वाचावे' अशी खूण तिच्यात आधीपासूनच असते. झाकायचे तर ती बदलावी लागते. कोणी बदलली नाही. लिपिक नवनीत यास विचारता तो म्हणाला, "मावशी, ते पहिलेपासूनच उघडं शे, मन्हा हातमा काय शे? सायेब सांगतीन ते एक मिनिटनं काम शे."

३. दि. १२ ऑक्टोबर रोजी पितांबर मोबाईलवर विकीचे रुपाच्या नोंदीचे, अर्जदाराच्या पत्त्यासह असलेले पान वाचून, ऊसतोडीचा कोयता घेऊन भरदुपारी खांडबाऱ्यास आला. त्याला घर विचारावेसुद्धा लागले नाही. त्याने दार फोडले. रुपा न्हाणीत लपली. अर्जदार आडवी गेली आणि तिच्या डाव्या हाताची दोन बोटे उंबऱ्यावर पडली. बाजारच्या माणसांनी दगड मारून त्याला पळवले. गुन्हा नोंद आहे, पितांबर फरार आहे.

४. अर्जदाराने पट्टी बांधलेल्या हाताने पहिला अर्ज लिहिला, आणि रुपाला नवापूरच्या एका पोल्ट्रीवर हलवल्याचे भाबडेपणाने त्यात कळवले. कक्षात आलेला प्रत्येक अर्ज त्याच दिवशी त्याच विकीवर चढवतात, हे तिला ठाऊक नव्हते. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! चौथ्या दिवशी पितांबर शेडवर हजर. राखणदार आमशा याचा खांदा त्याने हाडापर्यंत चिरला. रुपाच्या डोक्यावरून कोयता फिरला, कान लोंबला. पांढऱ्या कोंबड्या लाल होऊन शेडभर धावत होत्या. आमशाने एका हाताने फावडे चालवले म्हणून रुपा वाचली.

५. नवनीतला दया आली, त्याने दोन्ही पत्ते पुसले. परंतु पुसलेला मजकूर विकीच्या 'इतिहास' या जागी तसाच राहतो व तोही सर्वांना दिसतो, असे नंतर कळले.

६. दुसऱ्या अर्जात अर्जदाराने पत्ता लिहिला नाही. तो अर्ज परत आला. पीडितेच्या पूर्ण पत्त्याशिवाय अर्ज विचारात घेता येत नाही म्हणे. अर्जदाराला याचा संताप आला, अजूनही आहे, आणि तो कागदावर लिहिण्यास तिला लाज वाटत नाही. चढवण्यापूर्वी अर्ज वाचण्याची पद्धत कक्षात नाही, हेही ती आमशाच्या खांद्यावरून आणि रुपाच्या कानावरून शिकली.

७. सबब, नियमाप्रमाणे रुपाचा सध्याचा पूर्ण पत्ता सादर : मा. कक्ष अधिकारी यांचे राहते घर, पाण्याच्या टाकीमागे, हिरवे लोखंडी फाटक, नंदुरबार. मागचे दार गुलमोहराखाली. कडी सैल आहे.

८. हा अर्ज आज चढेल. पितांबरला पोहोचण्यास चार दिवस लागतात. खूण बदलण्यास एक मिनिट.

आपली नम्र, आठ बोटांची,
तुळशीबाई भाईदास गावित
खांडबारा, ता. नवापूर
दि. १८/११/२०२५

सोबत : १) दवाखान्याचे दाखले, तीन जणांचे.
२) कुलूप एक, किल्लीसह. आपल्या फाटकासाठी.