सात पेट्या आणि वेताचा सोफा

सेक्टर ९२, गुरुग्राम
४ ऑक्टोबर २०२३

ती. सखूवन्संना,
सुनयनाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. आत्याला फोनवर ऐकू येत नाही तर ती कानाचं मशीन का लावत नाही, म्हणून आमची रसिका चिडते. मला मात्र हेच बरं वाटतं. फोनवर मी तुमच्याशी नुसती ओरडते, पत्रात निदान बोलते तरी.

आता खबर ऐका. तुमच्या भावजयीनं अखेर मनावर घेतलंय, दिवाळीच्या आत बैठक सजवायचीच! स्वतःचा फ्लॅट घेऊन सहा वर्षं झाली, पण बैठकीत अजून त्याच सात काळ्या पेट्या. पलटणीच्या सुतारानं केलेल्या, पुढच्या बाजूला पांढऱ्या रंगात यांचा नंबर आणि नाव. बदलीची ऑर्डर आली की संसार त्यात भरायचा, नवीन गावी पोचलो की त्याच जोडून वर गादी टाकायची, झाला दिवाण. अकरा क्वार्टर काढली मी त्या पेट्यांवर बसून. पाहुणा आला की चादर ओढून नाव झाकायचं. कधी रसिकाचं शिक्षण, कधी तिचं लग्न, माझा सोफा आपला राहिलाच.

मला कसली बैठक हवी ते तुम्हाला ठाऊक आहे, शंभरदा सांगून झालंय. नव्वद साली लग्न होऊन मी दिल्ली कँटला आले तेव्हा हे साहेबांच्या बंगल्यावर सहायक होते. मेमसाबनी एकदा मला चकल्या करायला बोलावलं आणि स्वयंपाकघरात जाता जाता मी त्यांची ड्रॉइंग रूम पाहिली. वेताचा सोफा, पांढऱ्या भरतकामाच्या उशा, मोरपंखी पडदे, कोपऱ्यात पितळी दिवा. पाय ठेवायचीसुद्धा भीती वाटली. क्वार्टरवर आल्यावर यांना म्हटलं, मला एक दिवस अशी खोली पाहिजे. हे नुसते हसले होते.

तर वन्सं, बिल्कुल तश्शीच करतेय. रसिका म्हणते, आई, आजकाल असं कोणी करत नाही, सगळं पांढरं आणि करडं ठेवतात. मी म्हटलं, ते तुझ्या नोएडाच्या घरी कर. सोफा पंचकुइयां रोडच्या फर्निचर बाजारातून उचलला, दिव्यासाठी पहाडगंजच्या तीन चकरा झाल्या. पेट्या आज सकाळीच अंबादास भावजी घेऊन गेले. यांच्याच पलटणीतले, आता मानेसरला एका खोलीत राहतात, त्यांना उपयोगी पडतील. ब्याद गेली एकदाची.

यांचं बरं आहे. मानेसरची नोकरी सोडल्यापासून घरीच असतात. जरा विसरतात, वय झालंच की आता. तुम्ही काळजी करू नका.

गुडघ्याला तेल लावत जा, आणि माया आहे त्याहून कमी होऊ देऊ नका.

तुमची,
सुनयना


नेसरी, ता. गडहिंग्लज
१८ ऑक्टोबर २०२३

चि. सौ. सुनयनास,
सखुबाईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पेट्या घालवल्यास, लाख चांगलं केलंस. जबलपूरला आले होते तेव्हा आठ दिवस झोपले होते मी त्यांच्यावर. दोन पेट्यांमधली फट अजून पाठीत आहे माझ्या. तेहेतीस वर्षं कळ काढलीस, आता राणीसारखी बस सोफ्यावर आणि माझ्या भावाला, कृष्णातला, चहा करायला लाव.

पार्सलनं वाकळ पाठवलीय. माझी जुनी लुगडी आहेत आणि कृष्णातच्या शाळेच्या सदऱ्याचे तुकडे आहेत, निळे. सोफ्यावर अंथर. भिंतीला टांगू नकोस, सांगून ठेवते! रसिकानं तिच्या बैठकीत धान्य पाखडायचं सूप टांगलेला फोटो पाठवला होता, तेव्हापासून मी धसकाच घेतलाय. भिंतीला काय थंडी वाजते?

आता एक खरं सांग. लग्न झाल्यापासून तुझं पत्र आलं आणि खाली कृष्णातच्या दोन ओळी नाहीत असं कधी झालं नाही. क्वार्टर मिळालं, पोचलो, बरा आहे, एवढंच लिहायचा, पण लिहायचा. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा. पाटीवर अक्षर मी गिरवून घेतलंय त्याचं. यावेळी कागदाचा खालचा भाग कोरा आला. जरा विसरतात म्हणजे काय विसरतो, ते नीट लिही. बहिरी आहे मी, आंधळी नाही.

दोघं एकमेकांना जपा आणि या म्हातारीची आठवण ठेवा.

सखुबाई


सेक्टर ९२, गुरुग्राम
१९ नोव्हेंबर २०२३

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्यापासून लपवलं, माफ करा. मानेसरची नोकरी यांनी सोडली नव्हती. कंपनीच्या बसमधून भलत्याच ठिकाणी उतरायला लागले, तीनदा अंबादास भावजींनी शोधून आणलं, मग आम्हीच यांना घरी बसवलं. डॉक्टर म्हणाले, हा आजार मागे फिरणारा नाही. नवीन आठवणी आधी जातील, जुन्या शेवटी. पत्राखाली दोन ओळी लिहा म्हणून मी पेन हातात दिलं होतं. हे पेनाकडे बघत बसले. मला वाटलं, एवढ्यात तुम्हाला कशाला सांगू.

बैठक दिवाळीच्या आदल्या दिवशी पूर्ण झाली. काय सांगू वन्सं, इतकी सुंदर! बाहेर धुरानं समोरची इमारत दिसत नव्हती आणि आत मोरपंखी पडदे, पांढऱ्या उशा. तुमची वाकळ रसिकानं शेवटी भिंतीलाच लावली, रागावू नका, पण उठून दिसते. पेट्या गेल्या त्या संध्याकाळपासून, रंगकाम चाललं म्हणून, यांना रसिकाकडे ठेवलं होतं. लक्ष्मीपूजनाला आणलं. मी नवी साडी नेसले, पितळी दिवा लावला, आणि लहान मुलीसारखी सोफ्यावर बसून वाट बघत राहिले.

हे दारातच थांबले. चपला बाहेर काढल्या, शर्ट नीट केला, आणि सावधानमध्ये उभे राहिले. मी म्हटलं, बसा ना, कशी झालीय सांगा. यांनी खाली बघून हिंदीत सांगितलं की मी ठीक आहे, मेमसाब. मग स्वयंपाकघरात गेले, ट्रेमध्ये चहा घेऊन आले, कपाचा कान माझ्याकडे वळवून समोर ठेवला आणि विचारलं, साहेब कधी येणार. मला वाटलं, गंमत करतायत. मी हसले, वन्सं. तेच आता सलतं.

तेहेतीस वर्षांत हा माणूस घरात माझ्याशी हिंदीत बोलला नव्हता. आता दिवसभर स्वयंपाकघरात स्टुलावर बसतात. सोफ्याला हात लावत नाहीत, फक्त फडक्यानं पुसतात. आणि रोज संध्याकाळी सहाला माझ्यासमोर उभं राहून सुट्टी मागतात. घरवाली गावाहून नवीनच आलीय, तिला हिंदी येत नाही, अंधार पडला की एकटी घाबरेल, असं सांगतात. मी सुट्टी देते. काय करू? हे खाली उतरतात, मी मागोमाग जाते. सोसायटीच्या बागेला चार फेऱ्या मारतात, क्वार्टर सापडत नाही, मग रडकुंडीला येतात. तेव्हा हात धरून वर आणते.

चूक माझी आहे. मी मेमसाबची खोली जशीच्या तशी उभी केली. तिथं यांना त्यांची बायको कशी दिसणार?

तुमचाच आधार आहे, तो असू द्या.

सुनयना


नेसरी
२७ नोव्हेंबर २०२३

चि. सौ. सुनयनास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

मी तुला ओळखते. पेट्या परत आणायचं तुझ्या मनात आलं असेल. आणू नकोस. थोरली म्हणून सांगते. ती खोली तुझी आहे, तू कमावलीयस. सवय होईल त्याला. नाहीतरी तो विसरणारच आहे, मग तुझी हौस कशाला मोडतेस? तू अजून शुद्धीवर आहेस, तुझंही काही राहू दे की गं.

लहानपणी कुणाच्या घरी पाठवला तर उंबऱ्याबाहेर उभा राहायचा हा. आत ये म्हटलं तरी यायचा नाही. मी हात धरून न्यायची. आता माझा हात तिथवर पोचत नाही, म्हणून जीव तुटतो.

संक्रांत झाली की येते. तोवर दोन घास वेळेवर खा.

सखुबाई


सेक्टर ९२, गुरुग्राम
१७ डिसेंबर २०२३

ती. वन्संना,
सुनयनाचा शि. सा. न. वि. वि.

पहिल्यांदाच तुमचं ऐकलं नाही. पेट्या आणल्या.

सोफा, पडदे रसिका घेऊन गेली. नेताना तीच जास्त रडली. भिंतींचा रंग अंबादास भावजींनी स्वतः खरवडून क्वार्टरसारखा पिवळट चुना मारला. मग आम्ही दोघांनी पेट्या ओळीनं लावल्या, नावं पुढच्या बाजूला. गादी घातली, आणि भिंतीवरची तुमची वाकळ काढून वर अंथरली. अच्छा वाटलं का विचाराल तर नाही वाटलं. खोलीकडे बघून मी पोटभर रडून घेतलं. एकवीस दिवस होती माझी ती बैठक. होती हे खरं.

हे रसिकाकडून आले ते सरळ आत आले. थांबले नाहीत. पेटीवरच्या नावावरून हात फिरवला आणि ऐसपैस बसले, मांडी घालून. वाकळीतला एक निळा तुकडा बराच वेळ चिमटीत धरून होते. मी कोपऱ्यात उभी होते. माझ्याकडे वळून यांनी मराठीत सांगितलं, अहो वहिनी, उभ्या का, बसा. आमची सुनयना रेशन आणायला गेलीय, येईलच एवढ्यात.

मेमसाबची वहिनी झाले, वन्सं. एवढी तरी जवळ आले.

बसले मी. मग शेजारणीशी बोलावं तसं हे बोलत राहिले. म्हणाले की सुनयनानं मेमसाबची खोली पाहिलीय आणि तिला तशी पाहिजे. तिनं सांगितलं तेव्हा आपण हसलो, कारण शिपायानं त्यावर बोलायचं तरी काय. पण रोज ती खोली झाडायला जातो तेव्हा तिच्यासाठी बघून ठेवतो. एवढं सांगून यांनी मला उठवलं, गादी सारली, चौथी पेटी उघडली आणि झाकणाच्या आतला खाकी कागद एका कोपऱ्यातून सोलला. खाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. सोफा अकरा वीत. पडदे मोरपंखी. उशांवर जाईची फुलं. दिवा पितळी, कमरेएवढा. खाली तारीख, नव्वद सालची.

ती पेटी मी अकरा क्वार्टरमध्ये हजारदा उघडलीय. त्याच झाकणाखाली डांबरगोळ्या ठेवल्यात. आणि ब्याद गेली म्हणून देऊन टाकली होती.

यांनी कागद परत दाबून बसवला आणि मला बजावलं की सुनयनाला इतक्यात कळू द्यायचं नाही. पेन्शनीत निघालो की करणार, तिला दारातून हात धरून आत न्यायचं. मी शपथ घेतली, नाही सांगणार. मग मीच विचारलं, तिला आवडेल का? माझ्या जिवाला राहवेना. हे म्हणाले, ती काही मागत नाही हो कधी, एवढंच मागितलंय.

आता रोज दुपारी वहिनी म्हणून येते आणि पेटीवर बसते. सुट्टी मागणं थांबलंय. संध्याकाळी सहाला दाराकडे बघतात, पण घाबरत नाहीत, आपल्याच घरात बसून वाट बघतात. आज तुम्हाला पत्र लिहितेय म्हटलं, तर पेन मागून घेतलं. खाली लिहिलंय, ते वाचा. मी त्यातलं अक्षरही बदललेलं नाही.

संक्रांतीनंतर नक्की या. तुम्हाला ओळखतील, मला खात्री आहे. त्यांनी तुम्हाला आक्का म्हणून हाक मारलेली मला ऐकायचीय.

तुमची,
सुनयना

ती. आक्कास कृष्णातचा शि. सा. न. वि. वि. क्वार्टर मिळालं. पेट्या लावल्या. शेजारच्या वहिनी चांगल्या आहेत, चौकशी करतात. सुनयना अजून आली नाही. आली की कळवतो.