पाचव्या भागातलं मरण

५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आमची अंतराळ मालिका पाचव्या भागापाशी अडली आहे. यानातला प्राणवायू संपत आलाय आणि कप्तान बाई एका म्हाताऱ्या तंत्रज्ञ बाईची नळी बंद करते, असा प्रसंग. म्हातारी गळा धरून किंचाळत मरते असं मी लिहिलं, तर विज्ञान सल्लागार खो खो हसले. दिग्दर्शक म्हणतात, विज्ञान राहू दे, आधी माणसं खरी वाटू देत. दोघांच्या कात्रीत सापडलोय! तू इतकी वर्षं अतिदक्षता विभागात नर्स आहेस. आईच्या वेळी मी चित्रीकरणात अडकलो होतो, म्हणून तुलाच विचारतो, माणूस खरा जातो कसा?

रागावण्यासकट लोभ असू दे.

तुझा धाकटा

१४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

किंचाळायला हवा लागते रे, शहाण्या! तुमच्या यानात कार्बन डायऑक्साइड शोषणारं यंत्र असेल ना? मग गुदमरल्यासारखं वाटतच नाही. माणूस उगाच खुशीत येतो, काहीबाही बोलतो, ओठ निळे पडतात, झोपतो.

आई तशीच गेली, हसत. तू आलास का म्हणून तीनदा विचारलं. मी सांगितलं, खाली गाडी लावतोय. तर म्हणाली, सावकाश येऊ दे. सगळं संपल्यावर सिलिंडर मीच बंद केला, हात पुसले, वेळ लिहिली. रडू दुसऱ्या दिवशी आलं. तुझी कप्तानही अशीच असेल बघ. पण आईचं हे फक्त तुझ्यासाठी, मालिकेत घालू नकोस.

जेवणाच्या वेळा सांभाळ, माझा लोभ आहेच.

ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

परवा तो भाग लागला. निळे ओठ, हसणं, 'तो यान लावतोय', सगळं घातलं! चिडू नकोस, इतकं खरं मला सुचलंच नसतं. सल्लागारांनी पाठ थोपटली. फक्त दिग्दर्शक म्हणाले, आई जाताना मुलगा येत नाही हे लोकांना पटायचं नाही. म्हणून म्हातारीचा मुलगा वेळेवर पोचतो, कप्तान त्याला दाराबाहेर अडवते आणि नळी बंद करते. मग हात पुसते, वेळ लिहिते. काय शिव्या पडताहेत तिला! पात्र अगदी जिवंत उतरलंय.

कौतुकाच्या चार ओळी आणि लोभ पाठव.

तुझा धाकटा

२० एप्रिल

धाकट्यास,

मावशीनं भाग पाहिला. गाडीची गोष्ट मीच तिला सांगितली होती. ती घरी आली, पाण्याला हात लावला नाही. आईचा सिलिंडर मी आधीच बंद केला का आणि तुला दारात अडवलं का, असं सरळ तोंडावर विचारलं. त्याआधी तिनं तुला फोन केला होता म्हणे. तू म्हणालास, जाऊ दे मावशी, ताईला दोष देऊ नकोस. एक 'नाही' तुझ्या तोंडून निघालं नाही.

तर विज्ञानातली एक दुरुस्ती करून घे. आईच्या फुप्फुसांतून कार्बन डायऑक्साइड बाहेरच पडत नव्हता, दुखणंच ते होतं. अशा माणसाला गुदमरणं पुरेपूर कळतं. ती हसली नाही. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत उशी मुठीत आवळून दाराकडे बघत होती. तुला झोप लागावी म्हणून मी दुसरं लिहिलं, मावशीलाही तेच सांगितलं. गाडीचं मी आईला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, खोटं बोलू नकोस, तो यायचा नाही. ते तिचं शेवटचं बोलणं.

लोभाची तसदी यापुढे घेऊ नये.

ताई